दंडाच्या पेटीची किल्ली

पेन्सिल्व्हेनियात शिकून आलेल्या माणसाशी पेन स्टेट विद्यापीठाबद्दल बोलायला लागलं की पाचव्या मिनिटाला गाडी तिथले फुटबॉल प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्या विजयांवर येते. ४०९ की २९८? सहायकाच्या बाललैंगिक अत्याचार प्रकरणामुळे २०१२ साली खोडलेले विजय २०१५ साली परत दिले, ते बरोबर झालं का? गेल्या लग्नसराईत माझ्या दोन मावसभावांनी पंगतीतच हा वाद काढला. धाकटा पेन स्टेटचा, थोरला ओहायोत वीस वर्षं काढलेला. जिलबी घेऊन आलेल्या वाढप्याला दोनदा तसाच पुढे पाठवण्याइतके दोघे तापले होते. मी मध्येच विचारलं, "आणि त्या सहा कोटी डॉलर दंडाचं काय झालं?" धाकटा म्हणाला, "ते राहिले आमच्या राज्यात. आमचेच पैसे होते." थोरला म्हणाला, "राहिले कसले? मुलांसाठी लावलेला दंड पुढाऱ्यांनी पळवला, असं म्हण." "दादा, तू तर बोलूच नकोस," असं म्हणून धाकटा पुन्हा विजयांकडे वळला.

दोघांचंही उत्तर मला पटलं नाही. पण त्यांना तरी काय बोल लावायचा? २०१३ ते २०१५ या दोन वर्षांत विधिमंडळात आणि कोर्टात हा तंटा चालला तोही बराचसा याच दोन वाक्यांच्या मापाचा होता. एक पक्ष म्हणे पैसा आमच्या मातीतला, दुसरा म्हणे दंड आम्ही लावला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पैसा एनसीएएच्या, म्हणजे दंड लावणाऱ्या क्रीडा संघटनेच्या, हातून गेला हे उत्तम झालं, मात्र पेन्सिल्व्हेनियाने त्यासाठी दिलेलं कारण तकलादू होतं. दंडाचा आकडा ज्याने ठरवला त्याच्याच कमरेला दंडाच्या पेटीची किल्ली असू नये, एवढं कारण पुरेसं होतं. आणि याच कसोटीला लावलं तर शेवटच्या तडजोडीतलं एक कलम, ज्याची फारशी चर्चा होत नाही, साफ नापास होतं.

प्रकरण ज्यांना धूसर आठवतं त्यांच्यासाठी थोडक्यात. जेरी सँडस्की हा पेन स्टेटच्या फुटबॉल संघाचा अनेक वर्षांचा सहायक प्रशिक्षक. १९७७ साली त्याने ‘द सेकंड माईल’ ही अडचणीतल्या मुलांसाठीची संस्था काढली आणि त्या मुलांतूनच सावजं हेरली. नोव्हेंबर २०११मध्ये अटक, जून २०१२मध्ये ४५ आरोपांवर दोषी, ऑक्टोबरात ३० ते ६० वर्षांची शिक्षा. ४६ हंगाम संघ सांभाळणाऱ्या पॅटर्नोंना विद्यापीठाने सँडस्कीच्या अटकेनंतर चारच दिवसांत काढून टाकलं आणि जानेवारीत ते वारले. एफबीआयचे माजी संचालक लुई फ्री यांचा चौकशी अहवाल १२ जुलै २०१२ रोजी आला. वरच्या लोकांनी माहिती दडपली, असा त्याचा निष्कर्ष होता. अकरा दिवसांनी, २३ जुलैला, एनसीएएने शिक्षा जाहीर केली. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडास्पर्धांची नियामक संघटना. सदस्य-विद्यापीठांनी मिळून बनलेली, खासगी, इंडियानापोलिसला मुख्यालय असलेली. तिने स्वतःची वेगळी चौकशी केली नाही, फ्री अहवालावरच भिस्त ठेवली. चार वर्षं हंगामानंतरच्या सामन्यांना बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात, १९९८पासूनचे विजय रद्द आणि ६ कोटी डॉलरचा दंड. हा आकडा म्हणजे फुटबॉलच्या एका वर्षाच्या ढोबळ उत्पन्नाची सरासरी. तो वर्षाला १ कोटी २० लाख असा पाच वर्षांत भरायचा. पैसा जायचा बाललैंगिक अत्याचार रोखणाऱ्या आणि पीडितांना मदत करणाऱ्या कामांकडे. विद्यापीठाच्या स्वतःच्या उपक्रमांना त्यातली दमडीही मिळायची नव्हती.

मग पैसा कुणाला वाटायचा, यासाठी एनसीएएने एक समिती नेमली आणि दरवर्षीच्या वाटपातला किमान पाव हिस्सा पेन्सिल्व्हेनियातल्या संस्थांसाठी राखून ठेवू, असं सांगितलं. इथे ठिणगी पडली. उरलेला पाऊण कुठे? राज्याचे सिनेटर जेक कॉर्मन यांनी जानेवारी २०१३च्या पहिल्याच आठवड्यात दावा लावला. फेब्रुवारीत विधिमंडळाने कायदाच केला: १ कोटी डॉलर किंवा त्याहून मोठा असा दंड कुणी राज्यातल्या विद्यापीठाला लावला, तर तो राज्याच्या कोषागारात वेगळ्या निधीत जमा व्हावा आणि राज्यातच, त्याच कारणासाठी खर्च व्हावा. गव्हर्नर टॉम कॉर्बेट यांनी सही केली. राज्याचे कोषाध्यक्ष रॉब मकॉर्ड कॉर्मन यांच्या बाजूने वादी झाले, एनसीएए कायद्याविरुद्ध फेडरल कोर्टात गेली. दरम्यान दंडाचा पहिला हप्ता विद्यापीठाने एका वेगळ्या खात्यात टाकून ठेवला होता. तिथे तो व्याज खात पडून राहिला.

एनसीएएची बाजू हलकी नव्हती. पहिला मुद्दा कराराचा. विद्यापीठाचे अध्यक्ष रॉडनी एरिक्सन यांनी संमतीपत्रावर सही केली होती, पैसा कुठे जाणार हे त्यात लिहिलेलं होतं. दोघांनी केलेल्या कराराचं ताट तिसऱ्याने सहा महिन्यांनी येऊन फिरवायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? उद्या प्रत्येक राज्य असाच कायदा करील आणि मग पन्नास राज्यांत पसरलेल्या संघटनेला नियम लावता येईल का? दुसरा मुद्दा मुलांचा. लहान मुलांवरचे अत्याचार राज्याची हद्द पाहून होत नाहीत. ज्या गरीब राज्यात बालसंरक्षणाची यंत्रणाच लंगडी आहे तिथल्या मुलाला मदतीची जास्त गरज नाही का? आणि तिसरा मुद्दा पैशाचा: दंड खेळ विभागाच्या राखीव निधीतून आणि गरज पडली तर विद्यापीठाच्या अंतर्गत कर्जातून भरू, सरकारी अनुदान वा फीचा पैसा वापरणार नाही, असं विद्यापीठाने म्हटलं होतं. मग "करदात्यांचा पैसा" हा आरडाओरडा कशाला?

याहून बोचणारा मुद्दा असा की राज्य काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. १९९८ साली एका मुलाच्या आईने तक्रार केली तेव्हा विद्यापीठाच्या पोलिसांबरोबर राज्याच्या कल्याण खात्यानेही चौकशी केली होती, आणि आरोप दाखल न करताच ते प्रकरण मिटलं. म्हणजे ज्या यंत्रणेने एकदा त्या मुलाकडे पाठ फिरवली तिच्याच घरी आता मुलांच्या नावचा निधी. कॉर्मन यांच्या मतदारसंघात खुद्द पेन स्टेटचं गाव येतं. कॉर्बेट तर विद्यापीठाचे पदसिद्ध विश्वस्त होते. जुलैत "शिक्षा स्वीकारा, पुढे चला" असा सूर लावून जानेवारीत त्यांनीच एनसीएएवर स्वतंत्र दावा ठोकला, आणि तो जूनमध्ये फेडरल न्यायाधीशांनी फेटाळला. मकॉर्ड यांची कथा तर कादंबरीत लिहिली तर संपादक कापून टाकील. ज्या कोषागाराच्या किल्लीसाठी भांडण चाललं होतं त्याच्या या प्रमुखाने तडजोड होऊन दोन आठवडे होतात न होतात तोच राजीनामा दिला, आणि निवडणूक निधीसाठी लोकांना धमकावल्याचा, म्हणजे खंडणीच्या प्रयत्नाचा, गुन्हा फेब्रुवारी २०१५मध्ये कबूल केला. पुढे तुरुंगात गेला. अशा हाती पेटी द्यायची? थोरल्याचा "पुढाऱ्यांनी पळवला" हा शब्द इथे अगदीच हवेतला वाटत नाही.

हे सगळं मान्य करूनही मी एनसीएएच्या बाजूला जात नाही, त्याचं कारण आमच्या सोसायटीत आहे.

आमच्याकडे चुकीच्या जागी गाडी लावली की पाचशे रुपये दंड. वॉचमन चाकाखाली चिठ्ठी सरकवतो, सेक्रेटरी कार्बन घातलेल्या पावतीपुस्तकातून निळसर पावती फाडतात. जमाखर्चात हा पैसा "इतर उत्पन्न" या ओळीत विरघळतो. एका वार्षिक सभेत कुणीतरी विचारलं की याचं होतं काय, तर उत्तर आलं, श्रावणातल्या सत्यनारायणाला. प्रसाद सगळ्यांनाच मिळतो, त्यामुळे पुढे कुणी विचारलं नाही. मी हिशेबाच्या धंद्यातला माणूस, म्हणून दोन वर्षांची पावतीपुस्तकं मागून पाहिली. आषाढात पावत्या दाट, भाद्रपदात विरळ. कुणी पैसा खाल्ला नव्हता. सगळे सज्जन लोक. पण खर्च डोळ्यासमोर दिसायला लागला की वॉचमनची नजर आपोआप तीक्ष्ण होते. शिवाय ज्या दोन घरांनी कमिटीच्या विरोधात मत दिलं होतं त्यांच्या गाड्या जरा जास्तच तिरक्या उभ्या राहत होत्या, असं पावत्यांवरून दिसत होतं.

हाच रोग मोठ्या प्रमाणावर पाहायचा असेल तर मिसुरीतल्या फर्ग्युसन शहराचा अहवाल वाचावा. मार्च २०१५मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने तो काढला. दंडाचं उत्पन्न नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातला खांब झालं होतं, आणि तो खांब उभा ठेवण्यासाठी पोलीस गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय माणसांच्या मागे लागत होते. तिथे दंड लावणारी सरकारी यंत्रणाच होती, हे मुद्दाम सांगतो. सरकार पवित्र आणि खासगी संघटना अपवित्र अशी माझी वाटणी नाही. पेन्सिल्व्हेनियात दंडाचा आकडा राज्याने ठरवला नव्हता, तो वाढवणंही राज्याच्या हाती नव्हतं. म्हणून तिथे राज्याकडे पेटी जाण्यात धोका कमी होता. उद्या पेन्सिल्व्हेनियाने स्वतःच विद्यापीठाला दंड लावला असता, तर मी नेमकं उलट म्हटलं असतं.

आता त्या "करारा"कडे येऊ. सही कशी झाली? एरिक्सन यांनी सांगितलं की सही केली नसती तर चार वर्षं फुटबॉलच बंद करण्याची शिक्षा समोर होती. एनसीएएच्या भाषेत तिला ‘डेथ पेनल्टी’ म्हणतात. १९८७ साली सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला ती झाली आणि तिथला फुटबॉल पुढची वीस वर्षं डोकं वर काढू शकला नाही. लाखभराहून जास्त माणसं बसतील असं स्टेडियम असलेल्या, ज्याचं सगळं गाव शनिवारच्या सामन्यावर जगतं अशा विद्यापीठाला ही धमकी. आपल्याकडे याला नाव आहे: वाळीत टाकणं. जातपंचायत काय करायची? आरोप तिचा, चौकशी तिची, निवाडा तिचा, दंड तिचा. दंड भरला नाहीस तर पाणवठा बंद, लग्नकार्य बंद. भरलास तर पैसा पंचांकडे. देवाच्या नावावर, जेवणावळीच्या नावावर, कधी तेवढंही नाही. कुणी म्हणेल, वाळीत पडलेल्याने पंचांपुढे नाक घासून "मान्य" म्हटलं, अंगठा उठवला, तर तोही करारच की! महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो या "मान्य"ची किंमत ओळखूनच. तुलना ताणतोय, हे मला कळतं. पेन स्टेट म्हणजे वाळीत पडलेलं गरीब कुटुंब नव्हे, आणि सँडस्कीचा गुन्हा म्हणजे आंतरजातीय लग्न नव्हे. पण यंत्र तेच आहे: बाहेर पडायला जागा नसलेल्या सदस्याची संमती.

आणि ही नुसती माझी शंका नाही. कोर्टात एनसीएएच्या आतल्या ईमेल बाहेर आल्या, नोव्हेंबर २०१४मध्ये. त्यांत एका अधिकाऱ्याने स्वच्छ लिहिलं होतं की पेन स्टेटवर शिक्षेचा अधिकार सांगणं म्हणजे नियमांची ओढाताण आहे. आपण जे करतोय त्याला ‘ब्लफ’ हा शब्दही त्यात वापरला होता. विद्यापीठ इतकं शरमलेलं आहे की ते काहीही मान्य करील, यावर मदार होती. पत्त्यांत ब्लफ खपतो, कारण समोरचा पत्ते टाकून उठू शकतो. इथे तो उठू शकत नव्हता. आदल्याच एप्रिलमध्ये राज्याच्या कॉमनवेल्थ कोर्टाने नवा कायदा घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला होता आणि मूळ संमतीपत्र तरी वैध आहे का, असा प्रश्न स्वतःहून उभा केला होता. खटला उभा राहण्याच्या तोंडावर, १६ जानेवारी २०१५ रोजी एनसीएएने तडजोड केली. ज्याला आपली बाजू भक्कम वाटते तो साक्षीपुराव्याच्या उंबरठ्यावरून असा परत फिरतो का?

एनसीएएचा स्वभाव कळायला आणखी एक गोष्ट लागते. १९८८ साली टार्केनियन या बास्केटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की एनसीएए ही सरकारी सत्ता नव्हे, त्यामुळे रीतसर न्यायप्रक्रियेचं घटनात्मक बंधन तिच्यावर नाही. ठीक आहे. पण मग सरकारची बंधनं नकोत आणि सरकारसारखा दंड वसूल करून तो देशभर वाटण्याचा अधिकार मात्र हवा, हे कसं? दंडाला सार्वजनिक पैशाचा मान हवा असेल, तर त्यामागे सार्वजनिक पैशाचा हिशेबही आला. मकॉर्ड यांचं उदाहरण इथे माझ्याच बाजूने बोलतं. तो माणूस पकडला गेला, पायउतार झाला, तुरुंगात गेला, कारण त्याचं पद कायद्याच्या पकडीतलं होतं. एनसीएएच्या वाटप समितीतल्या कुणी आपल्या ओळखीच्या संस्थेला पैसे दिले असते, तर पेन्सिल्व्हेनियातल्या मतदाराने कुणाचं काय वाकडं केलं असतं?

खासगी नियामकाच्या हाती दंड असला की तो कसा खर्च होतो, याचा मासला आपल्या क्रिकेटमध्ये आहे. २०१९ साली हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांनी दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात बायकांबद्दल आचरट बडबड केली. बीसीसीआयचे लोकपाल, निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी दोघांना वीस-वीस लाखांचा भुर्दंड बसवला. प्रत्येकी दहा लाख कर्तव्यावर मृत्यू आलेल्या निमलष्करी जवानांच्या दहा कुटुंबांना, आणि दहा लाख अंधांच्या क्रिकेटसाठी. दोन्ही कामं चांगली, वादच नाही. पण अपमान बायकांचा, भरपाई जवानांना, हे गणित कुठलं? लोकपालांच्या मनात आलं ते झालं. टाळ्या पडतील अशा जागी पैसा पाठवला की दंड लावणाऱ्याच्या अंगावरही थोडा गुलाल उडतो. एनसीएए नेमकी हाच गुलाल उधळणार होती: देशभरच्या बालसंस्थांना धनादेश, मागे संघटनेचं बोधचिन्ह, पुढे फोटो.

सरकारकडे गेलेला पैसा गिळला जातो, हा आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. १९९८ साली अमेरिकेतल्या ४६ राज्यांनी तंबाखू कंपन्यांशी तडजोड केली, पहिल्या २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर मिळायचे ठरले. खर्च कशावर करायचा याचं बंधन जवळजवळ नव्हतं. पैसा रस्त्यांत गेला, तुटीत गेला. तंबाखू सोडवण्याच्या कामाला त्यातला चिमूटभर मिळाला. आणि याच पेन्सिल्व्हेनियाने २०१८ साली तंबाखूच्या पुढच्या हप्त्यांवर दीड अब्ज डॉलर उचलून अंदाजपत्रकातलं भगदाड बुजवलं. आपल्याकडे भोपाळ आहे. १९८५च्या कायद्याने केंद्र सरकार सगळ्या पीडितांचं पालक झालं, १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड केली, आणि त्यातले उरलेले सुमारे दीड हजार कोटी रुपये वाटून टाका, असं सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली सांगावं लागलं. मधल्या पंधरा वर्षांत पैसा रिझर्व्ह बँकेत वाढत होता आणि माणसं कमी होत होती.

पण या उदाहरणांतून निघतं काय? पैसा सरकारकडे होता एवढ्याने तो बुडाला वा अडकला नाही. तंबाखूच्या पैशाला खुंटी नव्हती, भोपाळच्या पैशाला घड्याळ नव्हतं. २०२२ सालच्या ओपिऑइड औषधांच्या तडजोडीत राज्यं शहाणी झाली: किमान ८५ टक्के रक्कम व्यसनाची हानी निस्तरण्यावरच खर्च व्हायची, असं लिहूनच घेतलं. पेन्सिल्व्हेनियाच्या २०१३च्या कायद्यात खुंटी होती. वेगळा निधी, कारण ठरलेलं, वाटप गुन्हे आणि बालगुन्हेगारीचं काम पाहणाऱ्या राज्य आयोगाकडे, म्हणजे ज्याचे कागद मागता येतात अशा जागी. म्हणून हा कायदा मला पटतो. त्यावर सही करणाऱ्यांच्या हेतूंची परीक्षा मी घेत बसत नाही. चांगले कायदे नेहमी चांगल्या हेतूनेच झाले असते, तर हाती फार थोडे कायदे लागले असते.

खटकतं ते "आमचा पैसा" हे. पैसा राज्यात राहावा याला एक चांगलं कारण होतं: ती मुलं तिथली होती, त्यांना निराश करणारी यंत्रणा तिथली होती, दुरुस्ती तिथे व्हायला हवी होती. पण बोललं गेलं ते वेगळंच. आमच्या विद्यापीठाचा, आमच्या करदात्याचा, बाहेरच्यांनी का न्यावा. दंड म्हणजे जणू चोरीला गेलेली म्हैस, ती गोठ्यात परत आली पाहिजे. दंड भरला त्या क्षणी तो भरणाऱ्याचा राहत नाही, हे एकदा मान्य केलं की ही भाषा गळून पडते. पेन स्टेटला त्याच प्रकरणात केंद्रीय शिक्षण खात्यानेही २०१६ साली जवळपास २४ लाख डॉलरचा दंड केला, परिसरातल्या गुन्ह्यांची माहिती कायद्याप्रमाणे न दिल्याबद्दल. तो वॉशिंग्टनच्या तिजोरीत गेला. तेव्हा म्हैस कुणालाच आठवली नाही.

जुन्या मराठी न्यायव्यवस्थेत हरणाऱ्याने सरकारात भरायच्या रकमेला ‘गुन्हेगारी’ म्हणत आणि जिंकणाऱ्यानेही ‘हरकी’ भरायची. म्हणजे तंटा कुणाचाही असो, दिवाणाची पेटी दोन्हीकडून भरे. इंग्लंडातही राजसत्ता घट्ट होण्याआधी अपराध्याने दोन हिस्से भरायचे, एक घायाळ झालेल्याला किंवा त्याच्या कुळाला, एक राजाला. पुढे राजाचा हिस्सा फुगत गेला आणि पहिला मागे पडला. हा मागे पडलेला हिस्सा आता कुठेकुठे परत येतोय. आपल्या पॉक्सो कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर गंभीर लैंगिक अत्याचाराच्या शिक्षेतला दंड पीडित मुलालाच, औषधोपचार आणि पुनर्वसनासाठी द्यायचा, असं लिहिलं आहे. तो हातात किती पडतो हा वेगळा, दुखरा विषय. पण पैसा कुणाचा याचं उत्तर कायद्याने दिलंय. पेन स्टेटच्या तडजोडीत सही करणारे कोण? कॉर्मन, मकॉर्ड, एनसीएए, विद्यापीठ. ज्या मुलांच्या नावाने हे सगळं चाललं होतं, जी तोवर मोठी माणसं झाली होती, ती त्या कागदावर नव्हती. त्यांनी विद्यापीठाकडून आपापल्या वकिलांकरवी भरपाई घेतली. ती मिळून दहा कोटी डॉलरच्या वर गेली, पण या सहा कोटींशी तिचा संबंध नव्हता. निदान पैसा कुठल्या कामाला जावा, हे ठरवताना त्यांच्यापैकी दोघा-तिघांना विचारायला काय हरकत होती?

आणि आता ते नापास कलम. तडजोडीत ६ कोटींपैकी ४ कोटी ८० लाख राज्याकडे गेले. उरलेले १ कोटी २० लाख पेन स्टेटकडेच राहिले, बाललैंगिक अत्याचारावरच्या संशोधनासाठी आणि त्या विषयातल्या कामासाठी. मूळ शिक्षेत स्पष्ट लिहिलेलं होतं की विद्यापीठाच्या स्वतःच्या उपक्रमांना यातलं काही मिळणार नाही. ती अट का होती हे शाळकरी पोरही सांगेल. धाकट्या मावसभावाचा यावर बचाव असा की तिथलं संशोधन खरंच चांगलं आहे, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याने त्या विषयात काम करणं हेही प्रायश्चित्तच. संशोधन चांगलं असेल, मी नाकारत नाही. पण प्रायश्चित्त स्वतःच्या खिशातून करायचं असतं. आमच्या सोसायटीने गाडी तिरकी लावणाऱ्याकडून पाचशे घेऊन त्यातले शंभर त्यालाच परत दिले, "पार्किंगच्या शिस्तीचा अभ्यास कर" म्हणून, तर सभेत काय गोंधळ होईल! विद्यापीठाला ते संशोधन करायचंच होतं तर दंडाबाहेरच्या पैशातून करायला कुणाची ना नव्हती. आणि दंडातूनच व्हायला हवं असेल तर पिट्सबर्ग आणि टेंपल ही दोन मोठी विद्यापीठं त्याच राज्यात आहेत, दोन्ही राज्याचं अनुदान घेणारी. दोघांपैकी कुणालाही ते १ कोटी २० लाख देता आले असते, आणि पैसा राज्याबाहेरही गेला नसता.